‘घरी सगळं येत होतं’

बाई, नमस्कार.

मी डोंबिवलीत एका छापखान्यात कामाला आहे. आई, बायको आणि मुलगा गावी, राजापूर तालुक्यात खाडीकाठच्या वाडीत. मुलगा यंदा दहावीला. नववीला ७२ टक्के होते. सहामाहीत गणित भाग १ ला ४० पैकी १४ आणि विज्ञान भाग १ ला ४० पैकी ११ पडले. बायको सांगते, रात्री अकरापर्यंत पुस्तक घेऊन बसतो. त्याला विचारलं तर म्हणतो, ‘बाबा, घरी सगळं येत होतं, पेपर हातात आल्यावर काही आठवेना.’ रोज रात्री नऊला मी फोन करतो, ‘किती वाचलंस’ विचारतो, तो ‘वाचतोय’ म्हणतो, बोलणं तिथेच संपतं. पहाटे चारला उठायला लावलं, तर पुस्तकावर डुलक्या काढतो.

कोकणचा निकाल राज्यात पहिला असतो, मग माझाच पोरगा मागे का? चाळीतला एक जण सांगतो, यंदापासून दहावीची परीक्षा दोनदा होणार आणि जास्त मार्क धरणार. खरं का? एक ऑनलाइन क्लासवाले मागे लागलेत, ३२ हजार, हप्त्याने. घेऊ का? की जानेवारीत त्याला इकडेच आणू? शिमगाही नेमका परीक्षेत येतोय. आमच्या घरी पालखी येते. यंदा त्याला त्यात पडूच द्यायचं नाही असं ठरवलंय. मी स्वतः दहावी नापास. मला त्याच्या अभ्यासातलं काही कळत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.

एक बाबा, डोंबिवली

नमस्कार.

तुमच्या मुलाचं म्हणणं खरं आहे, आधी त्यावर विश्वास ठेवा. घरी सगळं येत होतं आणि पेपरात काही आठवलं नाही, या दोन्ही गोष्टी एकाच मुलाच्या बाबतीत एकाच वेळी खऱ्या असतात. तो अभ्यास टाळत नाही आणि थापाही मारत नाही. नेमकं कुठे दुखतंय ते त्याने एका वाक्यात सांगितलंय.

गावाकडचंच उदाहरण देते. आजीच्या मागून रोज पायवाटेने जाणाऱ्या पोराला वाटतं, आपल्याला वाट पाठ आहे. कलमाचं झाड आलं की ते ओळखतं, व्हाळ आला की ओळखतं. एक दिवस त्याला एकट्याला पाठवा. तिठ्यावर आलं की थांबतं. डावीकडे वळायचं की उजवीकडे, हे त्याने कधी ठरवलेलंच नसतं, रोज आजी ठरवत असते. उघडं पुस्तक समोर घेऊन वाचणं हे आजीच्या मागून चालण्यासारखं आहे. ओळ डोळ्यासमोर आली की ‘हो, हे येतंय’ असं वाटतं, आणि पाचव्यांदा वाचताना तर अगदी सगळं येतंय असंच वाटतं. पेपरात मात्र तिठेच तिठे असतात आणि पुढे चालायला कोणी नसतं.

यावर नीट प्रयोग झालेले आहेत. २००६ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार फेऱ्यांत वाचला. दुसऱ्या गटाने एकाच फेरीत वाचला, मग उतारा बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढं कागदावर लिहून काढलं, असं तीनदा. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं आणि लिहिणाऱ्यांकडे ६१. आपल्याला हे चांगलं लक्षात राहील असा भरवसा मात्र वाचणाऱ्यांनाच जास्त होता. तुमचा मुलगा रात्री अकराला पुस्तक मिटतो तेव्हा तो त्या पाच मिनिटांवर असतो. सहामाहीचा पेपर आठवड्यांनी, महिन्यांनी आला.

मी ३१ वर्षं दापोली आणि राजापूर या तालुक्यांत गणित-विज्ञान शिकवलं. ‘धडा पाच वेळा वाचून या’ हे वाक्य मी वर्गात किती वेळा म्हटलं असेल याची गणती नाही. त्या वर्षांत माझ्या वर्गात दोन मुली होत्या, सड्यापलीकडच्या वाडीतल्या. दोघींच्या घरी संध्याकाळी पाणी, गुरं, धाकटी भावंडं, पुस्तक उघडायला वेळच नसे. तरी दोघींना दहावीला ऐंशीच्या वर गुण पडले. मी विचारलं तेव्हा कळलं की शाळेत येता-जाता तासभर त्या एकमेकींना प्रश्न विचारत यायच्या. पुस्तक दप्तरात, दप्तर पाठीवर, वर सड्यावरचा वारा. उत्तर अडलं तर पुस्तकात बघायची सोयच नव्हती, डोक्यातूनच ओढून काढावं लागे. शाळेत पोचल्यावर मग दोघी ते अडलेलं आधी उघडून बघायच्या. इतकी मोठी गोष्ट डोळ्यासमोर घडत असून मी वर्गात ‘पाच वेळा वाचा’च सांगत राहिले. त्याची खंत मला अजून आहे, आणि तुमच्यासारखं पत्र आलं की मी सविस्तर लिहिते ते त्यामुळेच.

आता तुमच्या मुलाने एका संध्याकाळी काय करायचं ते सांगते. हे पत्र त्याला वाचून दाखवा किंवा पाठवून द्या.

विज्ञान भाग १ मधला सातवा धडा घेऊ, भिंगे व त्यांचे उपयोग. सकाळच्या उन्हात आजीचा वाचायचा चष्मा मागून घ्यावा, तांदूळ निवडायला लावते तो. भिंग उन्हात धरून खाली कागद मागेपुढे करायचा. एका अंतरावर प्रकाशाचा बारीक ठिपका होतो. ते अंतर पट्टीने मोजायचं. चष्मा +२ चा असेल तर ठिपका साधारण ५० सेंटीमीटरवर पडेल. नाभीय अंतर (भिंगापासून त्या ठिपक्यापर्यंतचं अंतर) आणि भिंगाची शक्ती (चष्म्याचा नंबर) या दोन गोष्टी त्या एका ठिपक्यात आहेत. (कागद जळेपर्यंत धरू नये, आणि त्या भिंगातून सूर्याकडे तर मुळीच बघू नये.) मग संध्याकाळी धडा एकदा, सावकाश, हातात पेन्सिल घेऊन वाचायचा. एकदाच. वाचून झालं की पुस्तक मिटून आजीच्या हवाली करायचं, आजीने ते देवळीत ठेवावं. ती देईपर्यंत मागायचं नाही.

आता समोर कोरा कागद. धड्यात जे जे होतं ते आठवून लिहायचं. व्याख्या, सूत्र, आकृत्या, जवळचं न दिसणं आणि लांबचं न दिसणं यांवर कुठलं भिंग चालतं, सगळं. क्रम चुकला तरी चालेल. पाच मिनिटांत हात थांबेल आणि ‘मला काहीच येत नाही’ असं वाटेल. त्या क्षणी उठायचं नाही. आणखी दहा मिनिटं बसलं की दोन-चार गोष्टी मागून येतात, आणि ज्या अशा ओढून आणाव्या लागतात त्याच पुढे टिकतात. वीस मिनिटांनी पुस्तक मागायचं आणि राहिलेलं, चुकलेलं लाल पेनने त्याच कागदावर लिहायचं. तो लाल मजकूर हाच त्याचा खरा अभ्यास. निळा मजकूर त्याला येतो, तो परत परत वाचण्यात रात्र घालवायची गरज नाही.

मग एक उदाहरण, पुस्तक न बघता. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर १० सेंटीमीटर आहे, वस्तू भिंगापासून १५ सेंटीमीटरवर ठेवली, तर प्रतिमा कुठे मिळेल? सूत्र बहुतेक मुलांना पाठ असतं. चूक चिन्हात होते. वस्तू भिंगाच्या डावीकडे असते म्हणून तिचं अंतर ऋण, वजा १५. हे लक्षात राहिलं तर १/१० वजा १/१५ म्हणजे १/३०, प्रतिमा ३० सेंटीमीटरवर पलीकडे, उलटी आणि दुप्पट मोठी. चिन्ह विसरलं तर १/१० अधिक १/१५ म्हणजे १/६, उत्तर ६ सेंटीमीटर. सहा हा आकडा इतका नीटनेटका आहे की चुकल्याची शंकासुद्धा येत नाही. मूल खूश होऊन पुढच्या प्रश्नाकडे जातं. म्हणून एक चुकांची वही करायची, त्यात तारीख घालून एवढंच लिहायचं: ‘वस्तूचं अंतर ऋण घ्यायला विसरलो.’ बरोबर उत्तर उतरवून काढायचं नाही, चूक कुठे झाली ते आपल्या शब्दांत लिहायचं. त्याच्या सहामाहीच्या दोन्ही उत्तरपत्रिका शाळेतून बघायला मागवा. तिथे गेलेल्या ५५ गुणांपैकी बरेचसे अशा पाच-सहा चुकांनीच नेले असतील असं मला अनुभवावरून वाटतं.

एवढं करून तो धडा संपत नाही. १८८५ मध्ये हेर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की अर्थ नसलेले, नुसते पाठ केलेले शब्द तासाभरातच निम्म्याहून जास्त विसरले जातात. धड्याला अर्थ असतो, म्हणून तो इतक्या लवकर जात नाही, पण जातोच. विसरायला लागलं की पुन्हा आठवायचं, हाच त्यावर उपाय. त्यासाठी भिंतीवरच्या कालनिर्णयचा उपयोग करा. आज भिंगे केला तर दोन दिवसांनी त्या चौकोनात ‘भिंगे’ लिहायचं, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी. ती तारीख आली की पुस्तक न उघडता कोरा कागद घ्यायचा. दुसऱ्या वेळी वीस मिनिटं लागली तर चौथ्या वेळी आठ लागतील.

आज डिसेंबरचा पहिला आठवडा आहे. मंडळाच्या वेळापत्रकाप्रमाणे दहावीची लेखी परीक्षा २० फेब्रुवारी ते १८ मार्च २०२६. हातात अकरा आठवडे आहेत. गणिताचे दोन भाग मिळून १३ धडे, विज्ञानाचे २०, एकूण ३३. आठवड्याला चार घेतले तर जानेवारी संपता संपता एक फेरी होते आणि प्रत्येक धडा मधे दोन-तीनदा परत येतो. शाळेत अजून न शिकवलेले धडे शेवटी ठेवायचे.

गणिताबद्दल एक वेगळी गोष्ट. मुलं एका दिवशी वर्गसमीकरणांची वीस उदाहरणं सोडवतात. दुसऱ्यानंतर डोकं चालतच नाही, हात चालतो, कारण रीत कोणती हे आधीच ठाऊक असतं. पेपरात ते ठाऊक नसतं. म्हणून झालेल्या धड्यांतली उदाहरणं चिठ्ठ्यांवर लिहून एका डब्यात टाकावीत आणि रोज पाच उचलावीत. एक अंकगणिती श्रेढीचं, एक संभाव्यतेचं, एक समरूपतेचं, जे येईल ते. सुरुवातीला जास्त चुकेल, वेळही जास्त लागेल आणि तो कुरकुरेल. कुरकुरू दे.

जानेवारीपासून दर रविवारी बरोबर अकरा वाजता ओटीवर बसून एक पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवायची. गणित किंवा विज्ञानाच्या एका भागाला ४० गुण आणि दोन तास. पूर्वी प्रश्नपत्रिका वाचायला आधी दहा मिनिटं मिळायची, २०२३ पासून ती शेवटी जोडून देतात. म्हणजे अकरा ते एक वाजून दहा. बाहेर कोंबड्या ओरडत असतील, शेजारी कोणी लाकडं फोडत असेल, तरी आवाज बंद करायला धावू नका. परीक्षा केंद्रावरही शांतता मिळेलच असं नाही. गेल्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका शाळेत मिळतील, पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात.

आता तुमच्याकडे येते. तुम्ही लिहिलंय, मला त्यातलं काही कळत नाही. या घरात सगळ्यात महत्त्वाचं काम तुमच्याकडेच आहे, आणि त्याला दहावी पास असावं लागत नाही.

रात्री नऊच्या फोनमध्ये ‘किती वाचलंस’ हा प्रश्न उद्यापासून बंद करा. त्याचं उत्तर पानांत येतं, आणि मूल मग पानं उलटत राहतं. त्याऐवजी विचारा, ‘आज कुठला धडा? मला सांग बघू.’ आणि पाच मिनिटं गप्प ऐका. तुम्हाला कळत नसेल तर उत्तमच. तुम्ही मधे विचाराल, ‘नाभी म्हणजे काय रे?’ आणि ते सोप्या शब्दांत सांगता सांगता त्याचंच त्याला कळेल की आपल्याला कुठवर येतं. मग दुसरा प्रश्न, ‘आज लाल पेनने काय लिहावं लागलं?’ यावर रागवायचं नाही. एकदा जरी आवाज चढला तरी दुसऱ्या दिवसापासून तो ‘काही नाही, सगळं आलं’ म्हणायला लागेल आणि तुमची ही खिडकी बंद होईल. लाल जास्त असलेल्या दिवशी ‘बरं झालं आज सापडलं’ एवढंच म्हणा. तुमच्या घरात मोबाईलची रेंज ओट्यावरच येत असेल, तर त्याने कागद घेऊन ओट्यावर यावं.

तुम्हाला कळतं अशी एक गोष्ट मात्र मला दिसते. गणित भाग १ मध्ये ‘अर्थनियोजन’ हा धडा आहे, त्यात जीएसटी आहे. तुमच्या छापखान्यात रोज बिलं होतात. त्या बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी असा निम्मा निम्मा कर लावलेला असतो. मालकांना विचारून दोन जुनी बिलं घेऊन जा आणि त्याला म्हणा, हा आकडा कसा आला ते मला समजावून दे. ज्या बिलाच्या कागदाला बाबांचे हात लागलेत ते उदाहरण तो परीक्षेत विसरणार नाही.

पहाटे चारचं उठणं थांबवा. रात्री अकराला झोपून चारला उठणाऱ्या मुलाला पाच तास झोप मिळते. या वयाला आठ ते दहा तास लागतात. दिवसभर जे केलं ते डोक्यात पक्कं बसण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं, म्हणजे ती झोप कापून तुम्ही त्याने केलेला अभ्यासच कापताय. दहाला झोपू दे, सहाला उठू दे. मोबाईल रात्री आईच्या उशाशी.

परीक्षा दोनदा होणार ही बातमी खरी आहे, पण ती तुमच्या मुलासाठी नाही. सीबीएसईने २०२६ पासून दहावीला दोन परीक्षा ठेवल्या आहेत. पहिली सगळ्यांना सक्तीची, दुसरी ज्याला हवी त्याने जास्तीत जास्त तीन विषयांत द्यायची. तुमचा मुलगा राज्य मंडळाचा. त्याची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदाच. कुठे अडलं तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, गुण वाढवायचे असतील तर श्रेणीसुधारची सोयही आहे. पण ‘दोनदा आहे’ असं त्याच्या कानावर गेलं तर फेब्रुवारीची तयारी सैल पडेल, म्हणून त्याला आजच स्पष्ट सांगा.

कोकणचा निकाल पहिला, मग माझाच पोरगा मागे का, असं तुम्ही विचारलंत. या वाक्याने मला वाईट वाटलं, कारण असंच वाक्य मी अनेक पालकांकडून ऐकलंय आणि मुलांना ते फार लागतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गचं मंडळ वेगळं झाल्यापासून दहावीला कोकण पहिलं येत आलंय, २०२५ मध्ये राज्याचा निकाल ९४.१० टक्के होता आणि कोकणचा ९८.८२. याचा अभिमान मलाही आहे, पण तो आकडा उत्तीर्ण होणाऱ्यांचा आहे. ३५ गुणांची रेघ ओलांडणारा प्रत्येक जण त्यात मोजला जातो. कोणाला किती समजलं हे त्यात दिसत नाही. शंभरातला एखादा मागे राहिला की त्या एकट्याला मात्र वाडीत, एसटीत, दुकानात सगळे विचारतात. तुमचा मुलगा त्या एकात जाणार नाही, असं नववीच्या ७२ टक्क्यांवरून मला वाटतं. पण ही तुलना त्याच्यासमोर पुन्हा करू नका.

अकरावीची धास्तीही आत्ताच नको. २०२५ पासून राज्यभर प्रवेश एकाच ऑनलाइन पद्धतीने होतात, फॉर्म भरताना कॉलेजांचा पसंतीक्रम द्यावा लागतो, ते काम निकालानंतरचं. तालुक्याच्या कॉलेजात जागांची मुंबईसारखी मारामार नसते.

३२ हजारांचा क्लास घेऊ नका. त्याला ऐकायला आणि बघायला कमी पडतंय असं नाही. शाळा आहे, पुस्तक आहे, शिकवणारे आहेत. आठवून काढायला कमी पडतंय. मोबाईलवरचा शिकवणारा कितीही चांगला असला तरी ती मागून चालायला आणखी एक आजीच झाली. तुमच्या पगारातून हप्ते जातील, त्याचं दडपणही त्याच्या डोक्यावर बसेल, ते वेगळंच. एखाद्या धड्यात खरंच काही कळत नसेल तर लाल कागद घेऊन मधल्या सुट्टीत सरांकडे जायला सांगा. ‘सर, धडा कळला नाही’ म्हटलं तर सरांनाही कुठून सुरू करावं समजत नाही. ‘सर, इथे चिन्ह वजा का?’ म्हटलं तर दोन मिनिटांत काम होतं.

जानेवारीत डोंबिवलीला आणण्याचा विचारही सोडा. परीक्षेचा अर्ज गावच्या शाळेतून आहे, केंद्र तिथलं, विज्ञानाची प्रात्यक्षिकं आणि अंतर्गत गुण लेखी परीक्षेआधी शाळेतच व्हायचे आहेत. दोन महिन्यांसाठी त्याची खोली, आजी, मित्र, सगळं बदललं तर स्थिर व्हायलाच महिना जाईल.

शिमग्याबद्दल मी तुमच्याशी सहमत नाही. यंदा होळी मार्चच्या पहिल्या आठवड्यात आहे, म्हणजे परीक्षेच्या ऐन मध्यात, हे खरं. पण ज्या घरात पालखी येते त्या घरातल्या पंधरा वर्षांच्या मुलाला आतल्या खोलीत बसवलं तर त्याच्या डोळ्यासमोर पुस्तक राहील आणि कान अंगणातल्या ढोलाकडे. तो दिवस अभ्यासाला मिळणार नाहीच, वर मनात कायमची सल राहील. वेळापत्रक हातात आहे. त्या दिवसांच्या अलीकडे-पलीकडे कुठले पेपर आहेत ते दोघांनी मिळून कालनिर्णयवर लाल खुणेने लिहा. पालखी घरी आली की त्याने ओवाळणीला उभं राहावं, खांदा द्यावा, नारळ द्यावा, प्रसाद घ्यावा आणि तासाभराने कागदाकडे परतावं. रात्रीचं खेळे (शिमग्यातले नाच-सोंगांचे खेळ) बघायला जाणं, गावभर पालखीमागे फिरणं, जागरण, हे यंदा नाही. दुसऱ्या दिवशी पेपर असेल तर रात्री दहाला झोप, ढोल वाजत असला तरी. ही वाटणी त्याला आत्ता, डिसेंबरात सांगा. फेब्रुवारीत ऐनवेळी सांगितलं की ती शिक्षा वाटते. गावच्या मानकऱ्यांना आधी सांगितलं तर दहावीच्या मुलाचं घर म्हणून वेळ थोडी मागेपुढे करतातही, मी स्वतः पाहिलंय.

शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात ते, मी स्वतः दहावी नापास. हे मुलाला माहीत आहे का? नसेल तर सांगा. कसा पेपर गेला, निकाल लागला त्या दिवशी घरी कोण काय म्हणालं, मग मुंबईला कसे आलात. फोनवर नाही, समोर बसून. ‘माझ्यासारखं होऊ नये म्हणून’ असं त्याला जोडू नका, नुसतं सांगा. तो आपली उत्तरपत्रिका तुमच्यापासून लपवत असेल, तर ते त्यानंतर थांबेल.

नाताळच्या सुट्टीत गावी येणार असाल तर छापखान्यातले पाठकोरे कागद घेऊन या, जेवढे मिळतील तेवढे. त्याला रोज चार-पाच लागतील. दोन लाल पेनं आणि ती बिलं. पहिल्या संध्याकाळी भिंगाचं ते उदाहरण त्याला पत्र न दाखवता तोंडी सांगा, वस्तू १५ वर, नाभीय अंतर १०, आणि शेजारी बसून राहा. उत्तर ३० आलं की ६, ते मला कळवा.